दंडावरचा वण आणि कॅन्सरची गाठ



आपल्या वयाच्या कोणाचाही डावा दंड पाहिला तर त्यावर एक लहानसा, गोल, किंचित खोलगट वण सापडतो. देवी काढल्याचा वण निराळा. हा बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लशीचा. शाळेत टोचणारी मंडळी आली की वर्गात रडारड व्हायची, काही आठवड्यांनी तिथे पुटकुळी यायची, फुटायची, आणि वण राहायचा तो जन्माचा. मी हा वण घेऊनच न्यूझीलंडला आले, आणि नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत तीच लस मला अगदी वेगळ्या कामासाठी हाताळावी लागली. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या रोग्यांना आम्ही ती नळीवाटे मूत्राशयात सोडत असू.

एकदा एक म्हातारे शेतकरी आले. मोठा गोठा, शेकडो गाई, आयुष्यात कधी दवाखान्याची पायरी न चढलेले. मी नळीची तयारी करत असताना ते म्हणाले, "टीबीचे जिवंत जंतू माझ्या पोटात घालून कॅन्सर कसा जाणार?" आमच्या वॉर्डात ह्याचे ठरलेले उत्तर होते, ते मी दिले: ही लस शरीराच्या संरक्षक पेशींना जागे करते. त्यावर त्यांनी विचारले, "मग आजवर त्या झोपल्या का होत्या?"

मला उत्तर देता आले नाही. हसून वेळ मारून नेली. निवृत्त झाल्यावर वाचायला सवड मिळाली तेव्हा कळले की ह्या एका प्रश्नामागे सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, त्यात आपल्या मुंबईचा एक तुकडा आहे, आणि मी जिथे राहते त्या देशाचा एक फार आशेचा आणि तितकाच दुखरा अध्यायही आहे. तो इतिहास इथे सांगते.

सुरुवात न्यूयॉर्कमध्ये होते. १८९० साली विल्यम कोली नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या सर्जनकडे बेसी डॅशिएल नावाची सतरा वर्षांची मुलगी आली. आगगाडीच्या प्रवासात हाताला काही लागले आणि सूज उतरेना, एवढीच तक्रार. निघाला तो हाडाचा कॅन्सर. कोलीने तिचा हात कोपराखाली कापला, तरी रोग अंगभर पसरला आणि जानेवारी १८९१ मध्ये ती गेली. नवशिक्या डॉक्टराच्या मनाला असा एखादा मृत्यू कायमचा लागतो, हे आम्हा नर्सेसना चांगले ठाऊक असते. कोली हॉस्पिटलचे जुने कागद चाळू लागला. त्यात त्याला फ्रेड स्टाईन नावाच्या एका जर्मन माणसाची नोंद सापडली. ह्या माणसाच्या मानेवरची गाठ पुन्हा पुन्हा कापूनही परत येत होती, डॉक्टरांनी आशा सोडली होती. तेवढ्यात जखमेत धावरे उठले. धावरे म्हणजे वैद्य ज्याला विसर्प म्हणतात तो, कातडी लालबुंद होऊन पसरत जाणारा, फणफणून ताप आणणारा आजार. पेनिसिलिनपूर्वीच्या काळात त्याने माणसे दगावत. पण ताप उतरला तेव्हा स्टाईनची गाठही वितळून गेली होती.

कोली त्याला शोधत गरीब वस्त्यांतल्या चाळी धुंडाळत फिरला, आणि सात वर्षांनंतर तो धडधाकट अवस्थेत सापडला. तेव्हा कोलीने मनाशी ठरवले की जे योगायोगाने झाले ते आपण मुद्दाम करून पाहायचे. आधी त्याने जिवंत जंतू टोचले. कधी ताप येईना, कधी इतका येई की रोगीच हातचा जाई. मग त्याने मारलेल्या जंतूंचे मिश्रण केले: धावऱ्याचे स्ट्रेप्टोकोकस आणि त्यांच्या जोडीला बॅसिलस प्रॉडिजिओसस नावाचा एक जंतू. २४ जानेवारी १८९३ रोजी हे मिश्रण त्याने जॉन फिकन ह्या सोळा वर्षांच्या मुलाला टोचायला सुरुवात केली. मुलाच्या पोटात मोठी गाठ होती. रोज ताप आणायचा, रोज थंडी वाजायची. काही महिन्यांत गाठ विरली. फिकन पुढे सव्वीस वर्षे जगला आणि हृदयविकाराने वारला.

ह्या प्रॉडिजिओससविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आज त्याला सेराशिया मार्सेसेन्स म्हणतात. शिळ्या, दमट अन्नावर तो वाढला की रक्तासारखा लाल रंग धरतो. १८१९ साली इटलीत पाडुआजवळ मक्याच्या घाट्यावर रक्त उमटले म्हणून गावकरी हादरले, तेव्हा बिझिओ नावाच्या शास्त्रज्ञाने त्यामागचा हा सूक्ष्म जीव दाखवून दिला. मध्ययुगात युरोपात चर्चमधल्या पवित्र भाकरीतून रक्त आल्याची आवई उठे, ज्यूंनी ती भोसकली असा आळ येई आणि माणसे जाळली जात. त्यातल्या काही प्रसंगी हाच लाल जंतू कारण असावा असे १८४८ साली बर्लिनच्या एरेनबर्गने आणि पुढे इतरांनी सुचवले. ज्याच्यापायी आपल्या लोकांना जाळले त्याच जंतूचा अर्क पुढे कॅन्सरच्या गाठीवर चालून गेला. असो.

कोलीच्या औषधाला 'कोलीचे विष' म्हणत. ते कधी लागू पडे, कधी नाही. एका कारखान्याचे विष दुसऱ्यासारखे नसे, मात्रा ठरलेली नसे, आणि ते काम कसे करते हे खुद्द कोलीलाही सांगता येत नव्हते. क्ष-किरण आणि रेडियम आल्यावर डॉक्टरांना मोजून देता येईल असे हत्यार मिळाले आणि हे औषध अडगळीत पडले. कोली १९३६ साली वारला. १९६३ साली अमेरिकेच्या औषध खात्याने ते सिद्ध औषध मानायला नकार दिला. माझ्या मते नकार रास्तच होता. आजही कुठे कुठे 'ताप आणून कॅन्सर बरा करतो' म्हणणारे भेटतात आणि भरपूर पैसे घेतात. त्यांच्या नादी लागू नये. पण कोलीची मुलगी हेलन कोली नॉट्स हिने वडिलांचे शेकडो केसपेपर एकेक करून गोळा केले, लावले, आणि १९५३ साली न्यूयॉर्कला कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट काढली. तिचे स्वतःचे वैद्यकीय शिक्षण काहीच नव्हते. तिच्यामुळे हा धागा तुटला नाही.

आता मुंबईकडे येऊ. जंतू मेलेला असला तरी ताप का येतो, हा प्रश्न सोडवण्याची सुरुवात कोलीच्याच दिवसांत बर्लिनमध्ये झाली होती. रॉबर्ट कॉखच्या हाताखाली काम करणाऱ्या रिचर्ड फायफरने १८९२ साली दाखवले की कॉलऱ्याचे जंतू उष्णतेने मारून टाकले तरी त्यांच्या अंगात असे काही उरते की त्याने गिनीपिग मरतात. हे विष जंतू बाहेर टाकत नाही, ते त्याच्या देहाचाच भाग आहे. म्हणून त्याला एंडोटॉक्सिन, म्हणजे आतले विष, असे नाव पडले. हाच फायफर १८९७ साली जर्मन प्लेग कमिशनबरोबर मुंबईला आला होता. मांडवीपासून सुरू झालेल्या प्लेगने शहर तेव्हा ओस पडत होते, आणि भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन प्लेगची लस बनवत होते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनसाहेबांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ती लस म्हणजे उष्णतेने मारलेले प्लेगचे जंतू, आणि ती घेतली की ताप यायचा. त्यांनाही आला. प्लेगच्या जंतूच्या अंगावरही फायफरचे ते विष असते. ज्याने ह्या विषाचा शोध लावला तो, आणि ज्याच्या लशीने मुंबईकरांना त्या विषाची चुणूक दाखवली तो, असे दोघेही त्या वर्षी एकाच शहरात काम करत होते.

हे विष नेमके कशाचे, हे कळायला पुढची साठ-सत्तर वर्षे गेली. कॉलरा, टायफॉईड, प्लेग, प्रॉडिजिओसस अशा जंतूंच्या अंगावर बाहेरच्या बाजूने साखर आणि चरबी यांचा जोडपदार्थ असतो. साखरेचा भाग बाहेर लोंबतो, चरबीचा भाग जंतूच्या आवरणात रुतलेला असतो. १९४३ साली अमेरिकेत मरे शिअरने प्रॉडिजिओससपासून हा पदार्थ वेगळा काढला. तो टोचल्यावर काही तासांतच उंदरांच्या गाठींत रक्तस्राव होऊन त्या काळवंडत. पुढे जर्मनीत ओटो वेस्टफाल आणि लूडेरिट्झ यांनी दाखवले की सगळा प्रताप चरबीच्या भागाचा आहे. त्याला त्यांनी 'लिपिड ए' नाव दिले. म्हणजे विष जंतूच्या आत नव्हतेच, ते त्याच्या अंगरख्यात होते. टीबीच्या जंतूचा अंगरखा तर त्याहून स्निग्ध, जाड मेणासारखा. आम्हाला नर्सिंग शिकताना सांगत की ह्या जंतूवर रंग चढवायला काचपट्टी तापवावी लागते आणि एकदा चढला की आम्लाने धुतला तरी उतरत नाही. ते ह्या मेणामुळेच. आपल्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत, तेव्हा स्निग्ध पदार्थाला एकदा काही चिकटले की ते सुटत नाही हे आपल्याला कोणी शिकवायला नको!

आता त्या शेतकरीबाबांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देता येते. आपल्या शरीरात भक्षक पेशी असतात. त्या गस्त घालणाऱ्या शिपायासारख्या हिंडत असतात. त्यांच्या अंगावर ह्या जंतूंच्या चरबीला ओळखणारे खटके असतात. आपल्या स्वतःच्या पेशींत तशी चरबी नसते, म्हणून ती भेटली की परका आत शिरला हे त्यांना लगेच कळते. कॅन्सरची पेशी मात्र आपलीच, घरचीच, बिघडलेली. तिच्या अंगावर असला परका अंगरखा नाही. शिपाई तिच्या शेजारून जातो आणि त्याला हाक ऐकू येत नाही. तो झोपलेला नसतो, त्याला कोणी उठवलेले नसते, एवढेच. हा खटका कोणता हे १९९८ साली ब्रूस ब्यूटलर यांच्या प्रयोगशाळेने एका विचित्र जातीच्या उंदरावरून शोधले. ह्या उंदरांना एंडोटॉक्सिन कितीही टोचा, ताप नाही की काही नाही. त्यांचा हा एकच खटका जन्मतः बिघडलेला निघाला. त्या कामासाठी ब्यूटलर यांना २०११ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

उरलेले अर्धे उत्तर बीसीजीतून मिळाले. फ्रान्समध्ये काल्मेत आणि गेराँ या दोघांनी गाईच्या टीबीचा जंतू बटाटा, पित्त आणि ग्लिसरीन यांच्यावर तेरा वर्षांत २३० वेळा वाढवून सौम्य केला, आणि १९२१ साली ती लस प्रथम एका बाळाला दिली. पुढे १९५९ साली न्यूयॉर्कच्या लॉइड ओल्ड यांनी बारूख बेनासेराफ वगैरे सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केले की आधी बीसीजी दिलेल्या उंदरांत कॅन्सरच्या गाठी सहजासहजी रुजत नाहीत. मग १९७५ साली एलिझाबेथ कार्सवेल, ओल्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी एक प्रयोग केला. त्याची कल्पना इतकी साधी आहे की वाचताना मला वाटले, हे आपल्यालाही सुचायला हवे होते. उंदरांना आधी बीसीजी दिली. त्यामुळे त्यांच्या भक्षक पेशी संख्येने वाढल्या आणि तयारीत राहिल्या. मग त्यांना एंडोटॉक्सिन टोचले आणि दोन तासांनी त्यांचे रक्त काढून त्यातले पाणी, म्हणजे सीरम, दुसऱ्या उंदरांना दिले. ह्या दुसऱ्या उंदरांना गाठी होत्या. त्या गाठी दिवसभरात काळ्या पडून मेल्या. त्या सीरममध्ये उरलेले एंडोटॉक्सिन एवढे काम करण्याइतके नव्हते. म्हणजे गाठ मारली ती जंतूच्या चरबीने नव्हे, तर त्या चरबीने उठवलेल्या पेशींनी सोडलेल्या पदार्थाने. त्याला नाव दिले ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, थोडक्यात टीएनएफ.

केवढा हर्ष झाला असेल! कोलीने काळोखात फेकलेला दगड कुठे लागला होता ते आता दिसत होते. १९८४ साली मानवी टीएनएफचे जनुक हाती आले आणि तो कारखान्यात बनवता येऊ लागला. आता जंतू नको, ताप नको, नुसते औषध भरले की झाले, असे वाटले.

पण १९८५ साली दुसरी बातमी आली. ब्यूटलर आणि अँथनी सेरामी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात वेगळ्याच पदार्थाच्या मागे होते. दीर्घ आजारात जनावर खंगत जाते, हाडांचा सापळा होते, ते कशाने? जो पदार्थ त्यांना सापडला तो तपासला तर टीएनएफच निघाला. एवढेच नव्हे तर रक्तात जंतू शिरल्यावर जो घातक शॉक येतो त्यातही ह्याचा मोठा हात आहे असे दिसले.

तो शॉक मी मुंबईत शिकत असताना प्रथम पाहिला. लघवीच्या जंतुसंसर्गाने आलेला एक वृद्ध गृहस्थ. संध्याकाळी हुडहुडी भरली, ताप १०४ वर गेला. आम्ही ओल्या पट्ट्या ठेवत होतो. मध्यरात्री ताप उतरला म्हणून मला बरे वाटले, तर आमच्या वयस्कर सिस्टरबाईंनी त्यांच्या पायाला हात लावून पाहिला आणि माझ्याकडे पाहिले. पाय बर्फासारखे होते, नाडी लागत नव्हती. पहाटे ते गेले. टीएनएफ गाठीला मारतो तो बहुतांशी गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या करून आणि त्यांत रक्त गोठवून. तोच पदार्थ सगळ्या शरीरात मोकाट सुटला तर सगळ्या रक्तवाहिन्यांचे तेच होते. त्या रात्री त्या गृहस्थांच्या अंगात हेच चालले होते, हे मला कित्येक वर्षांनी समजले.

म्हणून रोग्यांना टीएनएफ शिरेतून देण्याचे प्रयोग फसले. गाठ मारण्याइतकी मात्रा देण्याआधीच रक्तदाब कोसळे. आज त्याचा उपयोग उरला आहे तो एका कोपऱ्यात: हातापायाचा कॅन्सर असेल तर त्या अवयवाचा रक्तप्रवाह बाकी शरीरापासून तात्पुरता तोडून, फक्त त्या अवयवात तो कॅन्सरच्या दुसऱ्या औषधाबरोबर फिरवतात. युरोपात १९९९ साली त्याला मंजुरी मिळाली. उलट सांधेदुखीच्या एका वाईट प्रकारात, ज्याला आपण आमवात म्हणतो त्यात, टीएनएफला अडवणारी इंजेक्शने आली आणि हजारो वाकडी बोटे वाचली. त्यातही एक मेख निघाली. २००१ साली अशा इंजेक्शनानंतर टीबी झालेल्या ७० रोग्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. आपल्यापैकी कित्येकांच्या फुप्फुसात लहानपणीचे टीबीचे जंतू पेशींच्या तटबंदीत कोंडलेले असतात, आणि ती तटबंदी टीएनएफ सांभाळतो. तेव्हा आपल्या घरात कोणाला ही इंजेक्शने सुरू होणार असतील तर आपण भारतातून आलो आहोत हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. आधी टीबीची तपासणी करतातच, पण सांगितलेले बरे.

आता न्यूझीलंडचा अध्याय. ऑकलंडला कॅन्सर सोसायटीच्या मदतीने १९५६ पासून एक संशोधन प्रयोगशाळा चालत आली आहे. देश लहान, पैसा थोडा, पण रक्ताच्या कॅन्सरवरचे अ‍ॅमसाक्रिन हे औषध तिथेच तयार झाले. १९८० नंतर ब्रूस बॅगली, बिल डेनी, लाय-मिंग चिंग आणि त्यांचे सहकारी एका फ्रेंच औषधामागे लागले. फ्लेव्होन अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड त्याचे नाव. ते दिले की उंदरांच्या घट्ट गाठी आतून काळ्या पडून मरत, अगदी एंडोटॉक्सिनने मरत तशा. आणि माणसांत? काहीच नाही. ऑकलंडच्या मंडळींनी पाहिले की हे औषध उंदराच्या भक्षक पेशींकडून टीएनएफ सोडवून घेते. म्हणजे जंतूही नाही, जंतूची चरबीही नाही, नुसती एक रसायनाची पूड, पण काम तेच. मग त्यांनी त्या रेणूच्या घडणीत बदल करत करत पुष्कळ जास्त प्रभावी असा एक भाऊबंद तयार केला आणि १९९१ साली प्रसिद्ध केला. त्याचे नाव डीएमएक्सएए.

उंदरांत त्याने कमाल केली. एकाच इंजेक्शनात गाठीचा रक्तपुरवठा बंद. १९९० नंतरच्या दशकात ऑकलंडला आणि इंग्लंडात रोग्यांवर पहिल्या चाचण्या झाल्या. रक्तात टीएनएफची ठळक वाढ काही दिसली नाही. ही खूण तेव्हाच डोळ्यांत भरायला हवी होती, असे आज म्हणणे सोपे आहे. पण विशेष तपासणीच्या चित्रांत गाठीतले रक्त कमी झालेले दिसत होते, आणि आशा धरणाऱ्याला तेवढे पुरते. पुढे एका ब्रिटिश कंपनीने, मग २००७ साली नोव्हार्टिसने ते हाती घेतले. फुप्फुसाच्या कॅन्सरवर नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिले तेव्हा मधल्या टप्प्याच्या लहान चाचणीत रोगी सरासरीने १४ महिने जगले, नुसत्या नेहमीच्या औषधांवर ८.८ महिने. ज्यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे रोगी सांभाळले आहेत त्यांना पाच महिने म्हणजे काय ते सांगायला नको. नातवंडाचा जन्म पाहण्याइतका काळ आहे तो. इथल्या वर्तमानपत्रांत त्या औषधाचे नाव येऊ लागले. एवढ्याशा देशातून जगाला कॅन्सरचे औषध मिळणार, असे आम्हा नर्सेसच्या चहाच्या खोलीतही बोलले जायचे.

मग १२९९ रोग्यांवर मोठी चाचणी झाली. मार्च २०१० मध्ये मधली मोजणी केली आणि चाचणी तिथेच थांबवली. अखेरचे आकडे १३.४ आणि १२.७ महिने. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना.

का, ते तीन वर्षांनी कळले. पेशींच्या आत धोक्याची घंटा वाजवणारे स्टिंग नावाचे एक प्रथिन असते. ते २००८ साली सापडले, ऑकलंडचा रेणू बनवल्यानंतर सतरा वर्षांनी. डीएमएक्सएए उंदराच्या स्टिंगमध्ये कुलपात किल्ली बसावी तसा बसतो. माणसाच्या स्टिंगमध्ये तो बसतच नाही. २०१३ साली हे निःसंशय सिद्ध झाले. आणि फरक किती, तर प्रथिनाच्या लांबलचक माळेतला एखाददुसरा मणी. माणसाच्या माळेतला तो मणी प्रयोगशाळेत बदलून उंदरासारखा केला की किल्ली लागते. वीस-बावीस वर्षांचे काम, शेकडो रोग्यांनी आपल्या उरल्यासुरल्या दिवसांतून काढून दिलेला वेळ, आणि सगळे अडले ते त्या एका मण्यावर.

कोणी म्हणेल की हे सारे व्यर्थ गेले. मला तसे वाटत नाही, पण त्या रोग्यांच्या घरच्यांसमोर मी हे मोठ्याने बोलणार नाही. ह्याच रेणूमुळे औषध देऊन स्टिंगची घंटा वाजवता येते आणि गाठ मारता येते हे निदान उंदरात दिसले, आणि माणसाच्या कुलपाला लागणाऱ्या किल्ल्या शोधणे सुरू झाले. त्यांतल्या ज्या आजवर रोग्यांवर पाहिल्या त्यांचा गुण बेताचाच आला. वेलिंग्टनला मॅलघन इन्स्टिट्यूटमध्ये दुसरी वाट धरली आहे. समुद्रातल्या एका स्पंजपासून जपान्यांनी शोधलेली एक शर्करायुक्त चरबी आहे, काही जंतूंच्या अंगावरही तिच्यासारखी सापडते. ती वापरून रोग्याच्याच रक्तातल्या पेशींना शिकवायचे आणि परत टोचायचे. मेलानोमाच्या, म्हणजे कातडीच्या काळ्या कॅन्सरच्या, रोग्यांवरची पहिली छोटी चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. इथे उन्हामुळे हा कॅन्सर फार, म्हणून त्यांना त्याची तळमळ.

इतके सगळे झाल्यावर आज सगळीकडच्या हॉस्पिटलांत नेमाने चालते ते काय? तर आपल्या दंडावरची जुनी बीसीजी. १९७६ साली कॅनडात किंग्स्टनच्या डॉ. अल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या वरच्या थरातला कॅन्सर असलेल्या नऊ रोग्यांना ती आठवड्यातून एकदा, सहा आठवडे, मूत्राशयात दिली. आधीच्या काळात सगळ्यांचे मिळून ७७ महिन्यांत २२ वेळा गाठी परत उगवल्या होत्या. लशीनंतरच्या ४१ महिन्यांत एकदाच. अमेरिकेत १९९० साली तिला मान्यता मिळाली. इथे टीएनएफ एकटा नसतो. बीसीजीचा मेणचट जंतू मूत्राशयाच्या भिंतीला चिकटतो, तिथे तऱ्हेतऱ्हेच्या पेशी धावून येतात, त्या नाना पदार्थ सोडतात आणि त्या धामधुमीत शेजारची कॅन्सरची पेशीही मरते. शिवाय हे सगळे एका पिशवीत घडते, अंगभर पसरत नाही. मला वाटते इथेच तिचे यश आहे. कोलीने विष कधी गाठीत टोचले तर कधी शरीरात इतरत्र, आणि टीएनएफ तर रक्तातच सोडला होता.

पण निर्धास्त राहता येत नाही. नळी घालताना थोडे जरी रक्त आले तर त्या दिवशी लस द्यायची नाही, कारण जिवंत जंतू रक्तात शिरला तर अंगभर रोग होऊ शकतो. लस दोन तास आत ठेवायची. आम्ही रोग्याला दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायला लावत असू, उजवी, डावी, पालथे, उताणे. घरी गेल्यावर सहा तास बसून लघवी करायची, मग संडासात ब्लीच ओतून पंधरा-वीस मिनिटांनी पाणी सोडायचे. एखाददुसरा दिवस बारीक ताप आणि जळजळ होते. आणि ही लस नेहमी मिळतेच असेही नाही. २०१२ साली कॅनडातल्या एका मोठ्या कारखान्यात पाणी शिरले, पुढे त्यांनी उत्पादनच थांबवले आणि जगभर टंचाई झाली. आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी बीसीजी बनवते, आणि तिचे नाव मी इथल्या सरकारी औषधांच्या यादीत वाचले तेव्हा क्षणभर हडपसरचा रस्ता डोळ्यांसमोर आला.

ते शेतकरीबाबा सहाही आठवडे आले. कूस बदलायची वेळ झाली की स्वतःच घड्याळ पाहून वळायचे. तिसऱ्या आठवड्याला ताप आला तेव्हा घाबरले नाहीत. गाय व्यायली की तिलाही अंग तापते, म्हणाले. शेवटच्या दिवशी मी त्यांना विचारले, शाळेत असताना ही लस घेतली होती का? उत्तर बेटावर १९९० पर्यंत शाळकरी मुलांना ती देत असत. त्यांनी शर्टाची बाही वर सारली. त्यांचा वण माझ्या वणापेक्षा मोठा होता. मीही माझी बाही वर करून दाखवली. तीन महिन्यांनी दुर्बिणीतून पाहिले तेव्हा मूत्राशय स्वच्छ निघाले, आणि पुढच्या हप्त्याची तारीख घेऊन ते दूध काढायच्या वेळेआधी घरी पोहोचायचे म्हणून घाईने निघून गेले.